पडद्यावरचा फलक: किती सेकंदांत कळतो?

आजचा विषय आहे डिजिटल साइनेज, म्हणजे पडद्यावरचे फलक. फलाटावरचा इंडिकेटर, विमानतळावरची उड्डाणांची यादी, बँकेतला टोकन क्रमांक, ओपीडीबाहेरचा पडदा, चौकातलं झळकणारं होर्डिंग, ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. यातलं तंत्रज्ञान आपण समजून घेऊच, पण सोबत एक मोजमापही हातात ठेवू. समोरून जाणाऱ्या माणसाकडे जेवढे सेकंद आहेत, तेवढ्यात त्याला हवं ते कळलं का? पुढचं सगळं याच प्रश्नाभोवती बोलू.

सुरुवात प्रकाशापासून. एलईडी म्हणजे वीज दिली की उजळणारा छोटासा दिवा. लाल आणि हिरवट एलईडी बऱ्याच आधीपासून होते. म्हणूनच जुने इंडिकेटर लाल किंवा पिवळसर अक्षरांचेच दिसायचे. भरपूर उजेड देणारा निळा एलईडी मात्र १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हाती आला. त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लाल, हिरवा, निळा असे तीन रंग जुळले की हवा तो रंग तयार करता येतो. आज रस्त्यावर दिसणारा रंगीत पडदा त्या निळ्या दिव्यामुळे शक्य झाला.

आता पडदा घ्यायला गेलात, तर विक्रेता पहिला शब्द उच्चारतो 'पिच'. दोन शेजारच्या ठिपक्यांच्या मध्यबिंदूंमधलं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे पिच. पी-१० म्हणजे १० मिलिमीटर. धंद्यातला ठोकताळा असा की, पिच जितके मिलिमीटर, साधारण तितक्या मीटरवरून चित्र एकसंध दिसायला लागतं. म्हणजे उड्डाणपुलावरून दिसणाऱ्या होर्डिंगला पी-१० चालेल, पण दोन मीटरवर उभ्या असलेल्या रुग्णासाठी तोच पडदा लावला तर त्याला नुसते ठिपके दिसतील.

दुसरा शब्द 'निट्स', म्हणजे उजळपणाचं माप. घरातला टीव्ही साधारण काही शे निट्सचा असतो. भर उन्हात वाचता यायला हवं, तर ५,००० निट्स किंवा त्याहून जास्त लागतात. पण हाच उजेड रात्री तसाच ठेवला, तर गाडी चालवणाऱ्याचे डोळे दिपतात आणि समोरच्या इमारतीतल्या लोकांची झोप उडते. म्हणून बाहेरच्या फलकाला आजूबाजूचा उजेड ओळखून स्वतःहून मंद होणारा सेन्सर हवाच.

इथपर्यंतचं माहितीपत्रकात सापडतं. आपल्या लिपीचं काय, हे मात्र त्यात क्वचितच असतं.

इंग्रजी मोठं अक्षर पाच उभ्या आणि सात आडव्या ओळींच्या ठिपक्यांत नीट बसतं. देवनागरीला तीन मजले लागतात. मधे अक्षर, वर शिरोरेघ आणि वेलांटी-मात्रा, खाली उकार. त्यामुळे आडव्या ओळी सोळाच्या आसपास असल्याशिवाय अक्षर सुटसुटीत दिसत नाही. सात ओळींच्या फलकात मराठी कोंबली की उकार तरी कापला जातो किंवा मात्रा तरी शिरोरेघेला चिकटते.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. 'ठिकाण' हा शब्द संगणकात साठवताना आधी 'ठ' येतो आणि मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी 'ठ'च्या आधी दिसायला हवी. 'प्रवासी' लिहिताना 'प' आणि 'र' यांचं जोडाक्षर व्हायला हवं. हे काम करणारा सॉफ्टवेअरचा भाग फलकाच्या आतल्या छोट्या संगणकात नसेल, तर 'प'चा पाय मोडलेला आणि 'र' वेगळाच, असं काहीतरी उमटतं. यावर उपाय आहेत. एकतर तो भाग आत घालायचा, नाहीतर मजकुराचं चित्र बनवून फलकाकडे पाठवायचं. पण खरेदीच्या अटींत हे लिहिलेलं नसेल, तर ते कुणी आपणहून करत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. समजा, फलक मराठी, हिंदी, इंग्रजी असा आळीपाळीने फिरतो आणि प्रत्येक भाषा १० सेकंद राहते. तुमची भाषा नुकतीच निघून गेली असेल, तर पुढचे २० सेकंद वाट बघा! लोकल फलाटावर थांबते तीच काही सेकंद. मधे एखादी जाहिरात घुसवली तर बघायलाच नको. मुंबईच्या लोकलचा इंडिकेटर या बाबतीत शहाणा आहे. गाडी कुठली, जलद की धिमी, किती डब्यांची, किती मिनिटांत, एवढंच सांगतो, आणि प्रत्येक गोष्ट ठरलेल्या जागी. रोजचा प्रवासी तो वाचत बसत नाही, जिना उतरता उतरता एका नजरेत ओळखतो.

आता सध्याचे बदल. पूर्वी प्रत्येक फलक सुटा होता. आता शेकडो फलक इंटरनेटवरून एका ठिकाणाहून चालवता येतात. सोय मोठी, पण बिघाडही एकत्रच येतो. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना त्याचा फटका बसला. भारतातल्या काही विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. म्हणून संपर्क तुटला तर फलक काय दाखवणार, हे आधीच ठरवायला हवं. कोरा पडदा निदान खोटं तरी बोलत नाही. तासाभरापूर्वीची वेळ 'आत्ताची' म्हणून दाखवणारा फलक माणसाला चुकीच्या फलाटावर पाठवतो.

दुसरा बदल ई-पेपरचा. चित्र बदलतानाच यात वीज लागते, नंतर ते विजेशिवाय टिकतं, आणि उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतं. दुकानातल्या किमतीच्या पट्ट्यांसाठी तो वापरला जातोच. बसथांब्याच्या वेळापत्रकासाठीही तो सोयीचा आहे. तिसरा बदल म्हणजे समोर किती माणसं थांबली हे मोजणारे कॅमेरे. आपण फलक वाचतो तेव्हा फलकही आपल्याला वाचत असेल, तर ते सांगितलं जायला हवं.

तुमच्या सोसायटीत, शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात असा पडदा येणार असेल, तर पैसे देण्याआधी एक चाचणी घ्या. त्यावर 'कृपया रुग्णांनी प्रतीक्षा करावी' हे वाक्य लावायला सांगा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला, रोजचा चष्मा लावून, तो जिथे बसणार आहे तिथून ते वाचू द्या. मग इंटरनेटची वायर काढा आणि पडदा काय करतो ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि माहितीपत्रकाच्या वीस पानांपेक्षा त्यातून जास्त कळतं.

आता प्रश्न घेऊ.