डिस्क ब्रेक बदलण्यापूर्वी

परभणी जिल्ह्यातील काळी जमीन पावसाळ्यात चाकांना चिकटते आणि उन्हाळ्यात बारीक धूळ होऊन उडते, त्यामुळे जिंतूरच्या डोंगराळ वाटांवर चालणाऱ्या माउंटन सायकलच्या डिस्क ब्रेकचे, म्हणजे चाकाच्या मध्याजवळील पोलादी तबकडीला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या ब्रेकचे, पॅड लवकर झिजतात. कमी किमतीच्या सायकलींत हा ब्रेक बहुधा तारेने ओढला जातो. तो सैल पडला की पूर्ण संच बदलण्याची घाई होते, परंतु दोष अनेकदा ताणलेल्या तारेत किंवा पॅडमध्येच असतो आणि तेवढा खर्च कितीतरी कमी असतो.

पॅडवरील घर्षणथर सुमारे अर्धा मिलिमीटर उरला, किंवा त्यात साखळीचे तेल मुरले, तर पॅड बदलावेत. तबकडी मात्र नवी असताना साधारण 1.8 मिलिमीटर जाड असते आणि 1.5 मिलिमीटरपर्यंत झिजेपर्यंत सहसा चालते. नवे पॅड बसवल्यावर कॅलिपरचे, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्याचे, दोन बोल्ट ढिले करून ब्रेक दाबून धरावा आणि त्याच स्थितीत ते आवळावेत, म्हणजे पॅड तबकडीच्या सरळ रेषेत येतात; यानंतर सपाट रस्त्यावर वीसेक वेळा हळूहळू वेग कमी केल्यास पॅडच्या द्रव्याचा पातळ थर तबकडीवर बसतो आणि पकड वाढते.