पाळीपूर्वीचा खेळ आणि प्रौढपणीची हाडे
मुलींमध्ये साधारणतः वयाच्या ८ ते १३ वर्षांदरम्यान मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी बीजांडकोशांना चालना देते आणि त्यांतून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे संदेश पोहोचवणारे रसायन, हाडांची झीज रोखून त्यांची घनता वाढवते. याच वयातील खेळही हाडांना बळ देतो: फिनलंडमधील टेनिस व स्क्वॉश खेळाडू स्त्रियांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रॅकेट धरणाऱ्या आणि दुसऱ्या हाताच्या हाडांची तुलना केली असता, पहिल्या पाळीपूर्वी किंवा त्या सुमारास खेळू लागलेल्या स्त्रियांच्या हाडांना झालेला लाभ उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळला. एकाच देहाचे दोन हात ताडून पाहिल्याने आहार व आनुवंशिकता यांतील फरकांचा अडसर दूर झाला, हे या अभ्यासाचे मोठे बळ होय. पाळी येताच मुलीचे मैदानावर जाणे बंद करणाऱ्या पालकांनी याचा अवश्य विचार करावा.