गल्ल्याशेजारचा संगणक आणि आकाशातले विमान

लोधिवली हे खालापूर तालुक्यातील, जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतचे गाव. एका अंगाला चौक, दुसऱ्या अंगाला रसायनी-पाताळगंगेचे कारखाने. अशा गावातील दुकानात संगणक बहुधा एकच असतो आणि तो गल्ल्याशेजारी बसतो. दिवसभर त्यावर बिले निघतात, उधारीची नोंद होते, महिन्याकाठी जीएसटीचे विवरण भरले जाते. रात्री शटर खाली आले की घरातील मुलांची नजर त्याच्याकडे वळते. मित्राकडे पाहिलेला नवा गेम आपल्या संगणकावर चालेल का, हा प्रश्न मग घरात निघतो. वडीलधारे म्हणतात, ‘दहा वर्षांचा झाला, आता त्यात काय राहिले आहे?’ विक्रेता म्हणतो, नवाच घ्या. पोत्यातून मूठभर दाणे काढून पाहिल्याखेरीज भाव न बोलणारी ही माणसे संगणकाच्या बाबतीत मात्र पारख न करताच निकाल देऊन मोकळी होतात.

वस्तुतः यंत्राचे वय पाहून हा निकाल देता येत नाही. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि साठवणीची डिस्क या चौघांपैकी जो सर्वांत दुबळा, तोच खेळाची गती ठरवतो. बाकीचे तिघे कितीही सशक्त असले तरी त्यांना त्याच्यासाठी थांबावे लागते.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊन पाहणे बरे. १८ ऑगस्ट २०२० रोजी मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ प्रसिद्ध झाला. फ्रान्समधील असोबो स्टुडिओने तो घडवला. त्यात मारामारी नाही; विमान उडवायचे आणि उपग्रहचित्रांवरून उभी केलेली पृथ्वी खाली पाहायची. माथेरानचे डोंगर घराच्या खिडकीतून पाहणाऱ्या मुलाला तेच डोंगर वरून पाहण्याची ओढ लागावी, यात नवल नाही. या खेळाची किमान अट अशी आहे: इंटेलचा आय५-४४६० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जीटीएक्स ७७० हे ग्राफिक्स कार्ड आणि डिस्कवर १५० जीबी मोकळी जागा. शिफारस आहे ती आय५-८४००, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स ९७० यांची. ‘किमान’ याचा अर्थ खेळ उघडेल, सर्व सजावट उतरवून ठेवल्यास हाताळता येईल, इतकाच घ्यावा. जाहिरातीतील चित्रासारखे दिसेल, असे त्यात कोठेही म्हटलेले नसते.

आता गल्ल्याशेजारचे यंत्र तपासावयाचे. त्यासाठी कॅबिनेट उघडण्याची गरज नाही. कीबोर्डवरील विंडोजची कळ व ‘आर’ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत डी-एक्स-डी-आय-ए-जी ही सहा रोमन अक्षरे लिहिली की पहिल्या पानावर प्रोसेसर व रॅम, आणि ‘डिस्प्ले’ या पानावर ग्राफिक्सचे नाव दिसते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज १० मध्ये त्याच्या ‘परफॉर्मन्स’ भागात डिस्क जुनी फिरती आहे की एसएसडी, हेही समजते.

नावे वाचताना मात्र सावध राहावे, कारण पुष्कळ जणांची फसगत येथेच होते. कॅबिनेटवर ‘आय५’ अशी चिकटपट्टी असली म्हणजे यंत्र सशक्त, अशी समजूत सार्वत्रिक आहे. खरी खूण पुढच्या आकड्यात असते. आय५-२४०० हा दुसऱ्या पिढीचा, आय५-४४६० चौथ्या, आय५-८४०० आठव्या पिढीचा. दहाव्या पिढीचा आय३-१०१०० हा दुसऱ्या पिढीच्या आय५ला सहज मागे टाकतो. ग्राफिक्स कार्डात हिशेब निराळा आहे. तेथे पहिले आकडे पिढी सांगतात आणि शेवटचे दोन दर्जा. २०१७चे जीटी १०३० हे २०१४च्या जीटीएक्स ९७०हून नवे, पण शक्तीने कितीतरी उणे. नव्या शिक्क्याचा हलका माल आणि जुन्या शिक्क्याचा अस्सल माल यांतील भेद व्यापाऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही.

समजा, दुकानातील यंत्र आय५-४४६०चे आहे. रॅम ४ जीबी, ५०० जीबीची फिरती डिस्क आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरच्या पोटातील इंटेल एचडी ४६०० वर काम चालते. बिलांसाठी घेतलेल्या त्या काळच्या यंत्रांची घडण साधारण अशीच असे. अटीशी ताळा घातला तर प्रोसेसर नेमका काठावर उतरतो. डिस्कवर जागा करता येईल. रॅम निम्मी आहे, आणि ग्राफिक्स तर अटीच्या जवळपासही नाही. म्हणजे ‘संगणक जुना झाला’ हा निकाल चुकीचा. तुटीच्या बाबी दोनच आहेत.

रॅमची तूट स्वस्तात भरते. चौथ्या पिढीच्या या यंत्रांना बहुधा डीडीआर३ जातीची पट्टी लागते. डीडीआर४ची त्या खाचेत बसत नाही, हे लक्षात ठेवून खरेदी करावी. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम ती वापरूच शकत नाही, म्हणून आधी ६४-बिट आहे की नाही ते पाहावे. एसएसडी बसवल्यास खेळ लवकर उघडतो, बिलांचे कामही झपाट्याने होते. विमानाची हालचाल मात्र त्यामुळे फारशी सुधारत नाही.

ग्राफिक्स कार्डाचे प्रकरण अधिक विचाराचे. जीटीएक्स ७७० ला २३० वॅटपर्यंत वीज लागते. कार्यालयीन यंत्रांतील वीजपुरवठ्याचा डबा अनेकदा दोनशे ते तीनशे वॅटचाच असतो. त्यात असे कार्ड बसवणे म्हणजे बैलगाडीला ट्रकचा माल लादणे. त्याऐवजी ७५ वॅटच्या आत चालणारे आणि वेगळी तार न लागणारे जीटीएक्स १६५० पाहावे. ते ७७०हून उणे नाही. मात्र याच नावाच्या काही कार्डांना तार लागते, आणि अरुंद कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड मावत नाही. लॅमिंग्टन रस्त्यावर जुना माल भरपूर मिळतो. पण लोधिवलीहून तेथे जाऊन यायचे म्हणजे दिवस मोडतो, तेव्हा कॅबिनेटची मापे कागदावर लिहून न्यावीत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरील उत्खनन बंद पडले आणि त्या कामात अहोरात्र राबलेली कार्डे बाजारात आली. जुने कार्ड घेताना ते अर्धा तास चालवून दाखवण्याचा आग्रह धरण्यात संकोच कसला?

फुकटचाही एक उपाय आहे. पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके रंगवण्याऐवजी १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६०० ठिपके रंगवायला सांगितले की ग्राफिक्सचा भार निम्म्याहून कमी होतो. सेकंदाला ३० चित्रे मिळाली तरी विमान उडवण्याचा आनंद लाभतो. ६० चा हट्ट नको. तरीही काही अटी सवलतीने सुटत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ किरणांचा मागोवा घेणारी सोय कार्डातच असल्याखेरीज चालत नाही. एके काळचे महागडे जीटीएक्स १०८० टीआयही तेथे निरुपयोगी ठरते.

खेळ विकत घेतल्यावर चालला नाही तर? स्टीम या दुकानात १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. मात्र खेळाचा मोठा भाग खेळाच्याच खिडकीतून उतरत असेल, तर तो वेळही घड्याळात धरला जाण्याचा संभव असतो. ‘चालतो का ते आधी पाहू’ म्हणून पेनड्राइव्हवरून आणलेली फुकट प्रत बसवण्याचा मोह मुलांना होतो, आणि या साऱ्या प्रकरणातील खरा धोका हाच आहे. त्याच डिस्कवर दुकानाची खतावणी असते. अशा प्रतीसोबत आलेल्या विषाणूने फायली कुलूपबंद केल्या, तर वर्षभराची उधारी कोणाच्या तोंडच्या शब्दावर वसूल करायची? खेळ कोणताही असो, हिशेबाची प्रत आधी वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.

खर्चाची मर्यादाही आधीच ठरवलेली बरी. विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालच्या यंत्रांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात तो आज ना उद्या बदलावाच लागणार. म्हणून रॅमवर खर्च करावा. कार्ड असे घ्यावे की जे पुढच्या यंत्रातही बसेल.

१९ नोव्हेंबर २०२४ रोजी आलेल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर २०२४’ने किमान रॅमच १६ जीबीवर नेली. त्याची शिफारस ३२ जीबीची आहे. या संगणकाने त्याचा नाद सोडलेलाच बरा. त्याच मालिकेतील २००६चा ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ मात्र २०१४ मध्ये स्टीमवर आला, तेव्हा त्याची अट २ जीबी रॅम आणि ३० जीबी जागा इतकीच होती. गल्ल्याशेजारचे यंत्र आहे त्या स्थितीत तो चालवू शकते. मुंबईच्या धावपट्टीवरून उडून विमान पूर्वेकडे वळवले की घाटाचे डोंगर समोर येतात. आकार ओबडधोबड, झाडी जेमतेम, लोधिवली तर ओळखूही येत नाही; पण विमान अडखळत नाही.