तयार बांधलेला गळ गुंतू नये म्हणून काय करावे? जुन्या चपलेचा तुकडा आणि गुंडाळण्याची साधी पद्धत

पहाटेची वेळ. धरणाच्या काठावर अजून नीट उजाडलेलं नाही. पाण्यावर माशांची हालचाल दिसतेय, चिलापी काठाला आलीय. पिशवीतून गळ काढला, तर हातात येतो तो दोऱ्याचा गोळा! एक गळ दुसऱ्यात अडकलेला, दुसरा पिशवीच्या कापडात. मोबाईलच्या उजेडात गुंता सोडवता सोडवता सूर्य वर येतो आणि मासा खोल पाण्यात निघून जातो. शेवटी वैतागून दोरा दाताने तोडला जातो आणि तो गोळा तिथेच काठावर पडतो.

गळाने मासे धरणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हे कधी ना कधी अनुभवलेलं असतं. नुकसान एका सकाळचंच होत नाही. काठावर टाकलेला तो नायलॉनचा गोळा पुढे अनेक वर्षे तसाच राहतो आणि पक्ष्यांच्या पायात, जनावरांच्या तोंडात जातो. पण घरी १० मिनिटे दिली तर हा सगळा त्रास टाळता येतो. त्यासाठी बाजारातून काही आणायचीही गरज नाही.

गुंता होतो तरी कसा?

दोरा आपोआप गुंतत नाही. त्यामागे ३ कारणे असतात.

पहिले कारण म्हणजे पीळ. बरेच जण दोरा चार बोटांभोवती गुंडाळतात, वेढे बोटांतून काढतात आणि खिशात टाकतात. दुसऱ्या दिवशी तेच वेढे एका बाजूने ओढून मोकळे करतात. असा ओढलेला प्रत्येक वेढा दोऱ्यात एक पीळ टाकतो. शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ठिबकच्या नळीचं बंडल जमिनीवर आडवं ठेवून वरून नळी ओढली की ती पीळ खाते, मुडपते. तेच बंडल चाकासारखं उभं धरून फिरवत नेलं की नळी सरळ पसरते. पतंगाच्या चक्रीचंही तेच. चक्री फिरते म्हणून मांजा सरळ सुटतो. गळाच्या दोऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

दुसरे कारण म्हणजे नायलॉनची सवय. नायलॉनचा दोरा, म्हणजे तंगूस, ज्या आकारात बराच काळ ठेवला तो आकार लक्षात ठेवतो. बारीक वेढ्यात महिनाभर पडलेला दोरा बाहेर काढला की स्प्रिंगसारखा गोल गोल होतो. अशी वळणे एकमेकांत लगेच अडकतात.

तिसरे कारण म्हणजे मोकळी टोके. गळ, शिसं किंवा दोऱ्याचं टोक सुटं राहिलं की पिशवीच्या हलण्याने ते बाकीच्या वेढ्यांतून आत-बाहेर फिरतं आणि आपोआप गाठी बसतात. दोन गळांच्या दोऱ्यात हा त्रास दुप्पट होतो.

परदेशातही हीच डोकेदुखी

अमेरिका-इंग्लंडमध्ये ट्राउट मासा धरणारे लोक पिसे आणि धागा बांधून केलेल्या कृत्रिम माशीने मासेमारी करतात. एकाच दोऱ्यावर दोन किंवा तीन माश्या बांधायच्या असतील, तर नदीकाठी थंडीत बोटे गारठल्यावर गाठी मारणे अवघड जाते. म्हणून ते दोरे घरीच बांधून फोमच्या पट्टीवर किंवा फोमच्या गोल नळकांड्यावर गुंडाळून नेतात. आपल्याकडे आमिष गांडुळाचं नाहीतर कणकेच्या गोळ्याचं असतं, कोकणात गळाला गरी म्हणतात आणि लोक ‘गरवायला’ जातात, एवढाच काय तो फरक. दोऱ्याचा स्वभाव सगळीकडे सारखाच, त्यामुळे फोमची युक्ती इथेही चालते.

आधी बांधणी नीट हवी

दोन गळांच्या आखूड फांद्या एकमेकांपर्यंत पोहोचत असतील, तर कितीही नीट गुंडाळलं तरी पाण्यात गुंता होणारच. यासाठी हिशेब सोपा आहे. दोन फांद्यांची लांबी मिळून जेवढी होते, त्यापेक्षा दोन्ही फांद्यांमधलं अंतर जास्त ठेवायचं.

समजा, प्रत्येक फांदी १५ सेंटिमीटरची आहे. दोन्ही मिळून ३० सेंटिमीटर. मग मुख्य दोऱ्यावर दोन्ही फांद्यांमध्ये किमान ४० सेंटिमीटर अंतर हवं. एक साधी मांडणी अशी:

- सर्वांत खाली शिसं अडकवण्यासाठी छोटा फास
- त्याच्या ३० सेंटिमीटर वर पहिली फांदी आणि गळ
- त्याच्या ४० सेंटिमीटर वर दुसरी फांदी आणि गळ
- त्याच्या ६० सेंटिमीटर वर मुख्य दोरीला जोडण्यासाठी मोठा फास

म्हणजे साधारण १ मीटर ३० सेंटिमीटरचा एक संच झाला. फांदीचा दोरा मुख्य दोऱ्यापेक्षा थोडा बारीक असला तर बरं. गळ तळाच्या दगडात किंवा बुडलेल्या बाभळीत अडकला, तर फांदी तुटते आणि बाकीचा संच वाचतो.

गाठ आवळण्याआधी ती पाण्याने किंवा थुंकीने ओली करावी. कोरड्या नायलॉनची गाठ ओढली की घर्षणाने दोरा तापतो आणि नेमका गाठीपाशी कमजोर होतो. मोठा मासा सुटतो तो बहुतेक वेळा अशा गाठीतूनच.

चपलेची पट्टी कशी करायची?

जुन्या हवाई चपलेचा तळ स्वच्छ धुऊन वाळवावा. त्यातून १२ सेंटिमीटर लांब आणि ५ ते ६ सेंटिमीटर रुंद पट्टी कापावी. कडा सँडपेपरने किंवा खडबडीत दगडाने घासून गोल कराव्यात. कडा धारदार राहिली तर दोऱ्याला तिथे मोड पडते. दोन्ही टोकांना ब्लेडने अर्ध्या सेंटिमीटरची चीर द्यावी.

चप्पल नसेल तर एसीच्या तांब्याच्या पाइपवर असतो तो काळा फोम चालतो. थर्माकोल शक्यतो टाळावा, कारण गळ टोचला की त्याचे दाणे सुटतात आणि पकड राहत नाही. पुठ्ठा पाणी पितो, मऊ पडतो आणि त्यात गळ लवकर गंजतो.

गुंडाळण्याची पद्धत

१. शिशाच्या बाजूचा छोटा फास एका चिरेत अडकवावा. शिसं आत्ता लावू नये, ते पाण्यापाशी गेल्यावरच लावावं. शिसं लावूनच पिशवीत टाकलं तर ते हलत राहतं आणि वेढे सैल करतं.

२. दोरा पट्टीच्या लांबीवर गुंडाळायला सुरुवात करावी. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवायची: हात फिरवायचा नाही, पट्टी फिरवायची. दोरा धरलेला हात स्थिर ठेवला की पीळ पडत नाही.

३. पहिली फांदी आली की थांबावं. फांदी पट्टीवर सरळ धरून गळाचं टोक फोममध्ये टोचावं. उलटा काटा पूर्ण आत जाईल इतकंच टोचावं.

४. पुढचे वेढे आधीच्या वेढ्यांच्या शेजारी टाकावेत, एकावर एक नकोत. १२ सेंटिमीटरच्या पट्टीवर एका वेढ्यात सुमारे २४ सेंटिमीटर दोरा बसतो. म्हणजे वरचा संच पाच-सहा वेढ्यांत संपतो.

५. दुसरा गळही तसाच टोचावा. दोन्ही गळ पट्टीच्या वेगवेगळ्या बाजूंना ठेवले तर आणखी चांगलं.

६. शेवटी मोठा फास दुसऱ्या चिरेत अडकवावा. चीर सैल वाटली तर टाचणी किंवा रबरबँड लावावा.

वेढे ताणून आवळायचे नाहीत. फोम दबून वाकत असेल तर समजावं की दोरा जास्त घट्ट झालाय. नुसता लोंबू नये, इतपत ताण पुरे.

एका पट्टीवर एकच संच ठेवावा. जागा उरली म्हणून दुसरा संच त्यावरच चढवला की जुनी कहाणी पुन्हा सुरू होते.

पाण्यापाशी सोडताना

मोठा फास सर्वांत शेवटी गुंडाळलेला असतो, म्हणून तोच आधी हाताला येतो. तो मुख्य दोरीला जोडावा. मग पट्टी हातात फिरवत दोरा सोडावा, पट्टीच्या टोकावरून वेढे ओढून काढू नयेत. दुसरा गळ आला की काढून मोकळा करावा, मग पहिला. शेवटी छोटा फास सोडून त्यात शिसं अडकवावं. आमिष त्यानंतरच लावावं.

दोऱ्याला वळणे पडलेली दिसली तर गळापासून लांबचा भाग दोन हातांत धरून चार-पाच सेकंद हलका ताण द्यावा. नायलॉन बऱ्यापैकी सरळ होतो. तरीही जागोजागी स्प्रिंगसारखा राहत असेल किंवा बोटाला खरबरीत लागत असेल, तर तो दोरा जुना झाला आहे. तो बदललेला बरा.

लांब दोरी आणि जास्त गळ असतील तर

एका दोरीवर २०-५० गळ लावणाऱ्यांना पट्टी पुरत नाही. त्यांच्यासाठी टोपलीची जुनी पद्धतच उत्तम. टोपलीच्या किंवा प्लास्टिकच्या टबच्या काठावर फोमची पट्टी किंवा जाड सुंभ बांधावा. दोरी आत गोल गोल सोडत जावी आणि प्रत्येक गळ क्रमाने काठावर टोचत जावा. शेवटी टोचलेला गळ पाण्यात पहिला जातो. क्रम चुकवला की सगळी टोपली एका झटक्यात गुंतते, त्यामुळे इथे घाई करू नये.

घरी आणल्यावर

ओला गळ डब्यात बंद करून ठेवला की दोन-चार दिवसांत गंज धरतो. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. कडक उन्हात नायलॉन ठिसूळ होतो, म्हणून गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या छपराखाली दोरा कायम ठेवू नये. बॅटरीचं पाणी, पेट्रोल आणि फवारणीची औषधे यांच्याजवळही नको. बॅटरीतल्या ॲसिडने तर नायलॉन खराब होतोच.

वाळलेल्या पट्ट्या झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवाव्यात. पट्टीवर पेनाने दोऱ्याची जाडी, गळाचा नंबर आणि बांधल्याची तारीख लिहावी. साध्या नंबरात आकडा जितका मोठा तितका गळ लहान, हे नव्या मुलांना सांगून ठेवावं. १२ नंबरचा गळ ६ नंबरपेक्षा लहान असतो.

गळ टोचला तर

खिशात किंवा उघड्या पिशवीत गळ ठेवणे हे गुंत्यापेक्षाही धोक्याचं आहे. डबा लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावा. बोटात गळ घुसला आणि उलटा काटा आत गेला असेल, तर ओढून काढू नये, मांस फाटतं. दोरा कापून गळ हलणार नाही असं पाहावं आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल तिथे जरूर विचारावं. डोळ्याजवळ लागला असेल तर हातही न लावता थेट दवाखान्यात जावं.

काठावर दोरा टाकू नका

भीमा नदीवरच्या उजनी धरणाच्या पाणलोटात, भिगवण परिसरात, हिवाळ्यात रोहित आणि इतर स्थलांतरित पक्षी येतात. त्याच काठावर मासेमारीही चालते. पारदर्शक तंगूस पक्ष्याला दिसत नाही. पाय किंवा पंख अडकला की तो जितका धडपडतो तितका दोरा आवळतो. काठावर चरणाऱ्या गाई-म्हशींच्या तोंडात गवतासोबत गळ गेला तर ते जिवावर बेतू शकतं. पोटात गेलेला नायलॉन पचत नाही.

म्हणून न सुटणारा गुंता घरी आणावा, गळ वेगळा करावा, दोऱ्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत आणि ते बाटलीत भरून कचऱ्यात द्यावेत. दोरा जाळू नये.

आणखी एक गोष्ट. अनेक धरणांत आणि तलावांत मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. गळ टाकण्याआधी तिथल्या संस्थेत विचारून घ्यावं, म्हणजे काठावर वाद होत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

- हात नाही, पट्टी फिरवा. गुंडाळतानाही आणि सोडतानाही.
- एका पट्टीवर एकच संच, दोन्ही टोके अडकवलेली.
- फांद्यांच्या एकूण लांबीपेक्षा त्यांच्यातलं अंतर जास्त.
- शिसं आणि आमिष पाण्यापाशीच लावा.
- धुवा, सावलीत वाळवा, मगच डबा बंद करा.
- तुटलेला दोरा काठावर नको, घरी आणा.

रात्री जेवण झाल्यावर तीन-चार पट्ट्या तयार करून ठेवल्या, तर पहाटे एक संच तुटला तरी दुसरा दोन मिनिटांत पाण्यात असतो.