सर्व्हिस आहे, तरी सापडत नाही! नेस्टजेएसमधली ही एरर काय सांगते?

अ‍ॅपमध्ये टाकलेला ओटीपी बरोबर आहे का, हे सर्व्हरवरचा कोड तपासतो. असा कोड, म्हणजे बॅकएंड, लिहिण्यासाठी नेस्टजेएस हे फ्रेमवर्क बरंच वापरलं जातं. पोलंडच्या कामिल मिश्लिव्हिएत्स यांनी ते २०१७ मध्ये आणलं.

यात कोड मॉड्यूलमध्ये विभागलेला असतो. लॉगिनचं एक मॉड्यूल, पासवर्ड बदलण्याचं दुसरं. प्रत्यक्ष काम करणाऱ्या क्लासला सर्व्हिस म्हणतात. एका सर्व्हिसला दुसरी लागली, तर कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त तिचं नाव लिहायचं, फ्रेमवर्क ती आणून देतं. हेच डिपेन्डन्सी इंजेक्शन. नाव भारदस्त आहे, प्रकार साधा.

अडचण येते ती दुसऱ्या मॉड्यूलमधली सर्व्हिस मागितल्यावर. अ‍ॅप सुरूच होत नाही आणि 'नेस्ट कान्ट रिझॉल्व्ह डिपेन्डन्सीज' अशी एरर येते. फाइल जागेवर असते, स्पेलिंगही बरोबर असतं. मग चुकतं कुठे?

नेस्टजेएसमध्ये प्रत्येक मॉड्यूलच्या सर्व्हिस त्याच्यापुरत्या खासगी असतात. ज्याची सर्व्हिस आहे, त्या मॉड्यूलने ती 'एक्स्पोर्ट्स'मध्ये लिहावी लागते. ज्याला ती हवी आहे, त्याने ते मॉड्यूल 'इम्पोर्ट्स'मध्ये घ्यावं लागतं. मॉड्यूल, सर्व्हिस नव्हे! इथे भलेभले गडबडतात.

घाईत एक सोपी वाट दिसते. ती सर्व्हिस सरळ आपल्याच मॉड्यूलच्या 'प्रोव्हायडर्स'मध्ये टाकायची. एरर जाते, अ‍ॅप सुरू होतं. खरा धोका इथे आहे, कारण आता त्या सर्व्हिसच्या दोन वेगळ्या प्रती तयार झालेल्या असतात.

समजा, ओटीपी तपासणारी सर्व्हिस एका नंबरवरून किती वेळा चुकीचा ओटीपी आला, हे स्वतःच्या मेमरीत मोजते. मर्यादा ३ आहे. लॉगिनकडे एक प्रत, पासवर्ड बदलणाऱ्या मॉड्यूलकडे दुसरी. दोघींना एकमेकींचे आकडे माहीत नाहीत. म्हणजे अंदाजाने ओटीपी टाकणाऱ्या भामट्याला ३ ऐवजी ६ संधी मिळतात. दोन्ही मॉड्यूल वेगवेगळी तपासली तर सगळं ठीकच दिसतं. त्यापेक्षा अ‍ॅप बंद पाडणारी एरर परवडली.

असे आकडे डेटाबेसमध्ये किंवा रेडिसमध्ये ठेवले, तर दोन्ही प्रती एकच आकडा वाचतात. सर्व्हर पुन्हा सुरू झाला तरी तो पुसला जात नाही.

कधी दोन मॉड्यूलना एकमेकांचीच गरज असते. तेव्हा 'फॉरवर्डरेफ' वापरता येतं, पण शक्यतो असं चक्र टाळा, असं नेस्टजेएसचं अधिकृत डॉक्युमेंटेशनच सांगतं. दोघांना लागणारा भाग तिसऱ्या मॉड्यूलमध्ये काढला की बहुतेकदा प्रश्न मिटतो. मॉड्यूल 'ग्लोबल' करणं हाही एक उपाय आहे. त्यात इम्पोर्ट वाचतो, एक्स्पोर्ट मात्र तरीही लिहावाच लागतो.