संगणकाचा गाभा कोसळतो तेव्हा

संगणक अकस्मात बंद पडला की आपण प्रथम काय करतो? बटण दाबून तो पुन्हा सुरू करतो. यंत्र चालू लागते आणि झाले गेले आपण विसरून जातो. पण त्या बटणासरशी बिघाडाचा बहुतेक पुरावा पुसला जातो, हे आपल्या ध्यानी येत नाही. हा पुरावा कोणता, तो कसा वाचावा, आणि संगणकात एकाहून अधिक प्रोसेसर असले म्हणजे तो वाचणे बिकट का होते, याचा आज विचार करावयाचा आहे. विषय केवळ तज्ज्ञांचा नव्हे. आपल्या खिशातल्या फोनमध्येही अनेक प्रोसेसर एकत्र नांदत असतात, आणि बँकेची खाती व रेल्वेची तिकिटे अशाच यंत्रांवर अवलंबून असतात.

संगणकातील सर्व कार्यक्रमांवर देखरेख करणारा जो गाभा, त्याला कर्नेल म्हणतात. कोणाला किती मेमरी द्यावयाची, डिस्कवर कोणी केव्हा लिहावयाचे, प्रोसेसर कोणाच्या हाती किती वेळ राहावयाचा, हे सारे तो ठरवतो. एखादा साधा कार्यक्रम चुकला तर कर्नेल त्याला बाहेर काढतो आणि बाकीच्यांचे काम चालू राहते. पण कर्नेलच चुकला तर त्याला सावरणारा वर कोणी नाही. आपल्या नोंदींचा मेळ बसत नाही असे दिसले की तो सारा कारभार स्वतःच थांबवतो. याला 'पॅनिक' असे नाव आहे. नाव घबराटीचे असले तरी कृती शहाणपणाची आहे. कारण चुकीच्या नोंदींवर विसंबून तो लिहीत राहिला तर डिस्कवरची चांगली माहितीही नासेल.

आता अनेक प्रोसेसरांकडे वळू. एखाद्या पेढीत एकच खातेवही आहे आणि दोन कारकून आहेत अशी कल्पना करा. खात्यावर ५०० रुपये शिल्लक आहेत. दोघेही तो आकडा एकाच वेळी वाचतात. प्रत्येकाजवळ १०० रुपयांचा भरणा आला आहे. पहिला ६०० लिहितो. दुसराही आपल्या हिशेबाने ६००च लिहितो. दोघांचीही बेरीज बरोबर, तरी खात्यातले १०० रुपये नाहीसे झाले! यावर उपाय कुलुपाचा: वही एकाच्या हाती असेपर्यंत दुसऱ्याने थांबावे. हा प्रश्न काटेकोरपणे मांडून सोडवणारा प्रसिद्ध निबंध एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६५ साली लिहिला.

परंतु कुलुपांनी नवी अडचण निर्माण होते. एका कारकुनाने ठेवींची वही धरली आणि त्याला कर्जाची हवी आहे; दुसऱ्याने कर्जाची धरली आणि त्याला ठेवींची हवी आहे. दोघेही सभ्यपणे वाट पाहत बसतील आणि पेढी ठप्प होईल. म्हणून वह्या नेहमी एकाच क्रमाने उचलाव्या, असा दंडक घालावा लागतो. लिनक्स या कर्नेलमध्ये १९९६ साली अनेक प्रोसेसरांची सोय झाली तेव्हा प्रारंभी जवळजवळ साऱ्या गाभ्याला मिळून एकच मोठे कुलूप होते. सुरक्षित, पण संथ. पुढे त्या जागी हळूहळू लहान लहान कुलपे आली, आणि ते मोठे कुलूप पुरते जाण्यास २०११ साल उजाडले. हे काम किती नाजूक आहे, याची कल्पना यावरून यावी.

मग बिघाड शोधावा कसा? पहिला नियम असा, की यंत्राचे अखेरचे शब्द जपून ठेवावे. पडद्यावरील मजकुराचे छायाचित्र घ्यावे, किंवा तारेने जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर तो उतरवून घेण्याची सोय आधीच करावी. लिनक्समध्ये एक छोटा राखीव कर्नेल मेमरीत तयार ठेवता येतो. मुख्य कर्नेल कोसळताच तो जागा होतो आणि मेमरीचे चित्र डिस्कवर उतरवून ठेवतो.

दुसरा प्रश्न, दोष यंत्राचा की लिखाणाचा? दर वेळी त्याच ठिकाणी यंत्र कोसळत असेल तर संशय लिखाणावर जातो. दर वेळी नव्याच ठिकाणी कोसळत असेल तर मेमरी, उष्णता व वीजपुरवठा तपासावा. मेमरीची परीक्षा रात्रभर चालू ठेवावी. तिसरी कसोटी म्हणजे एकच प्रोसेसर चालू ठेवून पाहणे. बिघाड थांबला तर दोन कारकुनांच्या भांडणाचा संशय बळावतो. पण तो सिद्ध झाला असे मानू नये. कारण प्रोसेसर कमी केले की उष्णता आणि विजेचा भारही कमी होतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

जुना कर्नेल नीट चालत होता आणि नवा कोसळतो, असे असेल तर मधल्या बदलांचे निम्मे निम्मे भाग करून तपासावे. १००० बदलांतून दोषी बदल अशा रीतीने सुमारे १० चाचण्यांत सापडतो. मात्र बिघाड दर वेळी हमखास घडत असला पाहिजे. हे भांडण क्षणाच्या अंशावर अवलंबून असते. तपासासाठी एखादी ओळ छापण्याची आज्ञा घातली तरी वेळ बदलते आणि दोष लपून बसतो!

शेवटी एक घडलेली गोष्ट सांगतो. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. कारणे अनेक होती. वाढलेल्या झाडांना विजेच्या तारा टेकल्या, हे त्यांतले एक. पण ओहायो राज्यातील एका नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी संगणक-प्रणाली तासाभराहून अधिक काळ मुकी होती आणि तेथील माणसांना त्याचा पत्ताच नव्हता. कर्नेल तेथे कोसळला नव्हता. सूचना देणारा कार्यक्रमच अडकला होता. दोन प्रक्रियांना एकाच नोंदीवर एकाच वेळी लिहू दिले गेले होते. आपल्या त्या दोन कारकुनांचीच ही गोष्ट.

कोसळणारे यंत्र निदान आपण कोसळलो असे सांगते. खरे भय मुकाट्याने चुकणाऱ्या यंत्राचे आहे. म्हणून यापुढे संगणक थांबला तर बटणाकडे हात जाण्यापूर्वी पडद्यावरच्या त्या चार ओळी टिपून ठेवा. दुरुस्ती करणाऱ्याचे निम्मे काम तेथेच झालेले असेल.