विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मराठी माध्यमातील शालेय साहाय्य : एक विवेचन

प्रस्तावना :

तोंडी प्रश्नाचे उत्तर सर्वांआधी देणारा, एकदा ऐकलेली गोष्ट तपशिलासह सांगणारा एखादा विद्यार्थी पाठ्यपुस्तक हाती येताच अडखळू लागतो. ओळ सुटते, जोडाक्षर गळते, शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून उरलेला शब्द तो अंदाजाने म्हणतो. त्याची वही तांबड्या शाईने भरते. शाळेत अशा विद्यार्थ्यास ‘आळशी’, ‘दुर्लक्षी’ आणि क्वचित ‘मंद’ ही विशेषणे मिळतात आणि पालकही ती हळूहळू खरी मानू लागतात. महाविद्यालयात तो पोचलाच, तर त्याच्याजवळ एखादे वैद्यकीय प्रमाणपत्र असते. बहुधा तेही नसते. प्रस्तुत लेखात या अक्षमतेचे स्वरूप, मराठी लिपीत तिचे दिसणारे रूप आणि महाराष्ट्रातील शालेय साहाय्याची व्यवस्था यांचा विचार केला आहे.

संकल्पनेचा उगम :

‘डिसलेक्सिया’ हा शब्द जर्मन नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वापरात आणला. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याचे गणित चांगले होते, दृष्टी निर्दोष होती, परंतु लिहिलेला शब्द त्याला उलगडत नसे. सर्व शिक्षण तोंडी झाले असते तर हा मुलगा शाळेतील सर्वांत हुशार ठरला असता, असा त्याच्या शिक्षकांचा अभिप्राय मॉर्गन यांनी नोंदविला आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा अभिप्राय आजच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाच्या तोंडी सहज शोभेल. पुढे १९६३ मध्ये अमेरिकन अभ्यासक सॅम्युएल कर्क यांनी ‘अध्ययन अक्षमता’ ही व्यापक संज्ञा रूढ केली. वाचन-अक्षमता, लेखन-अक्षमता म्हणजे डिसग्राफिया आणि गणन-अक्षमता म्हणजे डिसकॅल्क्युलिया हे तिचे प्रमुख प्रकार होत.

या अक्षमतेचे मूळ बुद्धीत नसते आणि डोळ्यांतही नसते. बोललेल्या शब्दाचे ध्वनींमध्ये विभाजन करणे व त्या ध्वनींची लिखित चिन्हांशी झटपट सांगड घालणे, ही मेंदूची प्रक्रिया येथे दुबळी असते. घरची गरिबी, शाळेतील अनियमितता किंवा घरची भाषा व शाळेची भाषा यांतील अंतर यांमुळेही वाचन मागे पडते. पण ती अक्षमता नव्हे. कोरकू किंवा गोंडी बोलत शाळेत आलेले मूल मराठी वाचनात अडखळते, तेव्हा त्याला निदानाची नव्हे, द्विभाषिक अध्यापनाची गरज असते. हा भेद न पाळल्यास निदानच अन्यायाचे साधन होण्याचा धोका आहे.

मराठी लिपी आणि वाचन-अक्षमता :

देवनागरी उच्चारानुसारी असल्यामुळे मराठी मुलांना डिसलेक्सिया होतच नाही, असा एक समज शिक्षकवर्गात आढळतो. तो ग्राह्य धरता येत नाही. २००१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पावलेसू व त्यांच्या सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी भाषिक प्रौढांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. इटालियन लेखन उच्चाराला जवळचे असल्याने तेथील डिसलेक्सियाग्रस्त व्यक्ती इतर दोन गटांपेक्षा अचूक वाचत होत्या. परंतु वाचताना मेंदूच्या डाव्या भागातील सक्रियता तिन्ही गटांत सारखीच कमी आढळली. म्हणजे लिपी सोपी असल्याने अक्षमता नाहीशी होत नाही, तिचे दर्शनी रूप बदलते. मराठी मुलाच्या बाबतीत केवळ चुका मोजून भागत नाही, त्याचा वाचनाचा वेगही पाहावा लागतो. अक्षर अक्षर जुळवत परिच्छेद बिनचूक वाचणारा, पण शेवटी आशय विचारताच गप्प होणारा सहावीतील मुलगा या कसोटीने लक्षात येतो.

शिवाय देवनागरी वाटते तितकी सरळही नाही. ‘कि’मधील वेलांटी डोळ्याला ‘क’च्या आधी दिसते, पण कानाला नंतर ऐकू येते. ‘सूर्य’ या शब्दात ‘र’चा ध्वनी ‘य’च्या आधी येतो, रफार मात्र ‘य’च्या डोक्यावर बसतो. एकच ‘र’ क्रम, ट्रक, अर्क आणि दऱ्या या शब्दांत चार वेगवेगळी रूपे घेतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील अर्थभेद एवढ्याशा चिन्हावर अवलंबून असतो. ‘चाक’ आणि ‘चंद्र’, ‘जाळे’ आणि ‘जीव’ यांत अक्षर एकच, उच्चार दोन. आकारसाम्यामुळे भ-म, घ-ध, ब-व, प-ष या जोड्यांत गोंधळ होतो. इंग्रजीवरील पुस्तकांत दिलेली उलट्यासुलट्या अक्षरांची लक्षणे मराठी वहीत शोधत बसणे म्हणूनच फारसे उपयोगाचे नाही.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांबाबत मात्र सावधगिरी हवी. मराठी बोलताना इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद बहुतेकांच्या उच्चारात स्पष्ट उमटत नाही. त्यामुळे या चुका सर्वच विद्यार्थी करतात, प्राध्यापकही त्यास अपवाद नाहीत. त्यावरून निदान करू नये. त्यातच पाचवी-सहावीतील मूल मराठीच्या तासाला ‘कवी’, ‘गुरू’ लिहिते आणि हिंदीच्या तासाला ‘कवि’, ‘गुरु’. लिपी एक, शुद्धलेखन दोन. सामान्य मूल हे कसेबसे पेलते. ज्याची चिन्ह-ध्वनीची सांगडच कच्ची आहे, त्याच्यासाठी हा भार मोठा ठरतो.

निदानाची व्यवस्था :

महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. या क्षेत्रात देशात महाराष्ट्राचे पाऊल लवकर पडले. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयातील अध्ययन अक्षमता केंद्राने निदान व प्रमाणपत्राचे कार्य दीर्घकाळ केले असून डॉ. सुनील करंदे व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन या विषयात सर्वज्ञात आहे. श्रवण व दृष्टी तपासणी, बालरोगतज्ज्ञांची तपासणी, बुद्धिमापन आणि शैक्षणिक चाचणी असे निदानाचे टप्पे असतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २१ दिव्यांगत्वांच्या सूचीत स्थान दिले. १९९५ च्या कायद्यात ते नव्हते. कलम १६ नुसार शैक्षणिक संस्थांवर अशा मुलांचे शक्य तितक्या लवकर निदान करून अध्यापनविषयक उपाय योजण्याची जबाबदारी आली.

पण ‘लवकर’ म्हणजे केव्हा? मुलाची शैक्षणिक पातळी त्याच्या इयत्तेपेक्षा दोन वर्षांनी मागे असणे, हा निदानाचा एक प्रचलित निकष आहे. दुसरीतले मूल दोन इयत्ता मागे पडणार तरी कसे? जानेवारी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनीही प्रमाणपत्राचे किमान वय ८ वर्षे ठेवले. निदान पक्के व्हावे म्हणून मुलाने आधी पुरेसे अपयशी व्हावे, असा विपरीत अर्थ यातून निघतो. त्याच सूचनांत बुद्धिगुणांक ८५ च्या वर असल्यासच पुढील चाचणी करावी असे म्हटले होते. बौद्धिक अक्षमतेची मर्यादा साधारण ७० धरली, तर मधल्या पट्ट्यातील मुले या व्यवस्थेत ना इकडची ना तिकडची.

मराठी चाचण्यांचा अभाव ही आणखी एक अडचण होती. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत उपलब्ध केला. त्यात शिक्षकांसाठी प्राथमिक चाळणी आणि मानसशास्त्रज्ञांसाठी निदानचाचणी असे दोन भाग आहेत. मात्र प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणा मोठ्या शहरांत केंद्रित राहिल्याने तालुक्याच्या गावातील पालकांना मजुरी बुडवून फेऱ्या माराव्या लागतात. सवलतींचा लाभ शहरी, इंग्रजी माध्यमातील कुटुंबांना अधिक मिळाला, तो यामुळे.

उपचारात्मक अध्यापन :

उपचारात्मक अध्यापनाला मात्र प्रमाणपत्र लागत नाही, हा मुद्दा शाळांत पुरेसा रुजलेला नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, तासाभराचे, एकेका मुलाला किंवा लहान गटाला दिलेले पद्धतशीर अध्यापन काही वर्षे चालावे लागते. सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या परंपरेतील बहुसंवेदी पद्धतीत मूल अक्षर पाहते, त्याचा ध्वनी मोठ्याने म्हणते आणि त्याच वेळी वाळूत किंवा खरखरीत कागदावर ते बोटाने गिरवते. मराठीसाठी ही पद्धत जशीच्या तशी उचलून चालत नाही. आपल्याकडे प्रथम ‘कमळ’ शब्दाचे क-म-ळ असे अक्षरांत विभाजन, ‘कमळ’मधून ‘क’ काढल्यास काय उरते असे तोंडी खेळ, मग एका वेळी एकच स्वरचिन्ह असा क्रम उपयुक्त ठरतो. काना आधी आणि वेलांटी बऱ्याच नंतर घेणे इष्ट.

येथे आपल्या अंकलिपीतील ‘गमभन’ या क्रमाचा पुनर्विचार करावासा वाटतो. वळणाच्या दृष्टीने जवळची अक्षरे एकत्र शिकविल्यास हात लवकर बसतो, हा त्यामागील विचार सामान्य मुलासाठी योग्यच आहे. परंतु म आणि भ यांत गोंधळणाऱ्या मुलासमोर ती दोन अक्षरे एकापाठोपाठ ठेवणे म्हणजे त्याच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणे होय. एक अक्षर पक्के झाल्यावर काही आठवड्यांनी दुसरे आणावे.

हे काम करण्यासाठी प्रशिक्षित विशेष शिक्षक हवेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दिव्यांग विद्यार्थ्यांमागे १:१० आणि त्यापुढे १:१५ असे विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले. प्रत्यक्षात अनेक शाळांच्या वाट्याला एकच फिरता शिक्षक येतो आणि त्याच्या यादीत दृष्टिबाधित, कर्णबधिर, बहुविकलांग मुले आधीच असतात. दिसणाऱ्या दिव्यांगत्वापुढे न दिसणारे मागे राहते, हे स्वाभाविक असले तरी समर्थनीय नाही.

परीक्षेतील सवलती आणि महाविद्यालय :

जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, लेखनिक, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित असे राज्यातील शालान्त सवलतींचे स्वरूप राहिले. यांपैकी पहिल्या तीन सवलती अडथळा दूर करतात. शेवटच्या दोन अभ्यासक्रमच कमी करतात. वाचन मंद पण गणिती समज उत्तम असलेल्या मुलाने केवळ टक्केवारीसाठी गणित सोडले, तर विज्ञान व तांत्रिक शाखांची वाट पुढे त्याच्यासाठी अरुंद होते. हा सल्ला देताना शाळांनी जितका विचार करावयास हवा तितका होत नाही.

महाविद्यालयाच्या दृष्टीने फेब्रुवारी २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय महत्त्वाचा आहे. लेखनिकाची सुविधा केवळ ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असे त्यात स्पष्ट झाले. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. ऑगस्ट २०१८ च्या सूचनांनी दर तासामागे किमान २० मिनिटे जादा देण्याचे ठरवले होते. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस एक तास अधिक म्हटल्यावर पर्यवेक्षणाचे व बैठकव्यवस्थेचे नियोजन आधीच करावे लागते. परीक्षेच्या सकाळी अर्ज घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला दारात ताटकळत ठेवण्याऐवजी प्रवेशाच्या वेळीच ही नोंद घेणे परीक्षा विभागास सोयीचे ठरते. लेखनिक संस्थेने दिलेला असल्यास परीक्षेपूर्वी दोन दिवस त्याची भेट घेण्याची तरतूद त्याच सूचनांत होती. आयुष्यात कधी मजकूर सांगून लिहवून न घेतलेल्या मुलाला त्या दोन दिवसांत स्वल्पविराम कोठे, नवा परिच्छेद कोठे, आकृतीला नावे कशी द्यावयाची हे बोलून सांगण्याचा सराव करता येत असे.